सास्काचेवानच्या प्रीमियरना (प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना) खुले पत्र: टॉमी डग्लस यांची बस परत सुरू करा

माननीय प्रीमियर, सास्काचेवान प्रांत, कॅनडा,
सविनय नमस्कार.

मी वेबर्नमध्ये राहणारी एक मराठी बाई. माझ्या शेजारच्या आजींना कॅन्सर आहे. रेडिएशनसाठी त्यांना रिजायनाला जावं लागतं, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. उपचारांचं बिल सरकार भरतं, त्यांच्या हाती ते कधीच पडत नाही. पण गाडी चालवणं त्यांना आता झेपत नाही आणि मुलगा शेजारच्या अल्बर्टा प्रांतात. मी नेते, पण माझी ड्युटी बदलली तेव्हा त्यांच्या दोन तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मलाच रात्री झोप लागली नाही.

आमच्या गावात नदीकाठी या प्रांताचे माजी प्रीमियर टॉमी डग्लस यांचा पुतळा आहे. स्कॉटलंडमधून विनिपेगला आलेल्या या मुलाच्या पायाचं हाड सडत होतं आणि घरी पैसा नव्हता. पाय कापायची वेळ आली होती. एका नामवंत सर्जनने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यायची एवढ्या अटीवर, फुकट उपचार केले. पाय वाचला आणि हाच मुलगा पुढे मॅनिटोबाचा लाइटवेट मुष्टियुद्ध विजेता झाला. आपला पाय केवळ नशिबाने वाचला, हे मात्र ते जन्मभर विसरले नाहीत.

1930 मध्ये ते वेबर्नच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री म्हणून आले. दुष्काळ आणि मंदीने इथली माणसं कशी पिचली, ते त्यांनी दारोदार जाऊन पाहिलं. 1944 मध्ये प्रीमियर झाले तेव्हा आरोग्य खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. 1 जानेवारी 1947 पासून माणशी वर्षाला 5 डॉलरमध्ये रुग्णालयाचा विमा सुरू झाला. डॉक्टरांचं बिलही सरकारने भरायचं, ही योजना 1 जुलै 1962 ला अमलात आली. तोवर डग्लस ओटावाच्या, म्हणजे देशाच्या राजधानीच्या, राजकारणात गेले होते. या योजनेविरुद्ध डॉक्टरांनी केलेला 23 दिवसांचा संप त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांनी सोसला.

पण मला त्यांचं एक कमी गाजलेलं काम आज सांगायचंय. 1946 मध्ये त्यांच्या सरकारने प्रांताची स्वतःची बससेवा काढली, एसटीसी (सास्काचेवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी). आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना हे नाव ऐकताच आपली एसटी आठवते. माझ्या आजोळी डॉक्टर नव्हता, पण सकाळची लाल गाडी होती आणि तालुक्याच्या दवाखान्यात माणूस तिनेच पोचायचा. दवाखाना आणि गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिथे कुणाला वाटलंच नाही.

31 मे 2017 ला एसटीसी बंद झाली. तेव्हा तुमच्या पक्षाच्या सरकारने सांगितलं की 27 मार्गांपैकी फक्त 2 नफ्यात आहेत. आकडा खरा असेल. पण रुग्णालयाचा कुठला वॉर्ड नफ्यात चालतो? तो आपण त्या मोजपट्टीने मोजत नाही, मग त्या वॉर्डापर्यंतचा रस्ता का मोजायचा?

घेतलेला निर्णय बदलण्यात कमीपणा नाही. डग्लस यांनी 1933 च्या आपल्या प्रबंधात ‘दुर्बल’ ठरवलेल्या माणसांच्या नसबंदीची भलावण केली होती. मला तो त्यांच्या आयुष्यावरचा डाग वाटतो. पण सत्ता हाती आली आणि तशाच शिफारशी टेबलावर आल्या, तेव्हा त्यांनी त्या नाकारल्या.

सगळे 27 मार्ग उद्याच सुरू करा असं मी म्हणत नाही. रिजायना आणि सास्काटूनच्या कॅन्सर केंद्रांकडे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गाडी सोडा. चाकाची खुर्ची आत चढेल अशी आणि फोनवर जागा राखता येईल अशी. येत्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी तरतूद करा.

आजींची पुढची तारीख मंगळवारी आहे. त्या दिवशी मला सुट्टी मिळालेली नाही.

आपली,
वेबर्नची एक रहिवासी