रेल्वे अपघाताच्या बातमीत शब्द नेमका हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्धा, गोंदिया, काटोल-नरखेड या मार्गांवरच्या अपघातांच्या बातम्या आपल्या अंकात चार ओळींत येतात. 'रेल्वेतून पडून प्रवाशाचा मृत्यू', 'रेल्वेच्या धडकेत तरुण ठार', 'रुळावर मृतदेह आढळला'. वाचणाऱ्याला तिन्ही मथळे सारखेच. कायद्यात मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 124-अ प्रमाणे प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर ती 'अनटुवर्ड इन्सिडेन्ट', म्हणजे अनुचित घटना, ठरते. मग रेल्वेची चूक होती की नाही हे पाहिलेच जात नाही, भरपाई द्यावी लागते. आत्महत्या, नशा, आजारपण असे मोजके अपवाद आहेत. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला मात्र हे कलम लागत नाही. म्हणून दारातून पडलेल्या माणसाची बातमी 'धडकेत ठार' अशी छापून आली की घरचे समजतात, आपलाच माणूस चुकला, आता मागायचे कोणाला? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या गाड्यांत किती जण दारात उभे राहून येतात, हे नागपूरकरांना सांगायला नको.

त्याहून जास्त नुकसान 'विनातिकीट' हा शब्द करतो. पडताना खिसा फाटतो, पाकीट दूर कुठेतरी जाते, पंचनाम्यात 'तिकीट मिळून आले नाही' एवढेच लिहिले जाते आणि बातमीत तोच माणूस विनातिकीट प्रवासी होतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की, तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो खरा प्रवासी नव्हता असे धरता येणार नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकिकत मांडली की पुढचा पुराव्याचा भार रेल्वेवर येतो. चढता-उतरताना झालेली निष्काळजी म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, हेही त्याच निकालात आहे. मी वकील आहे. विनातिकीट असा शिक्का बसला म्हणून गप्प राहिलेली आणि मुदत उलटल्यावर कागद घेऊन आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण तेवढ्यासाठी आधी वेगळे झगडावे लागते, आणि घरातला कमावता गेलेला असताना ते सोपे नसते.

जहाजांच्या बातम्यांतही हेच होते. केरळच्या किनाऱ्याजवळ मे 2025 मध्ये एमएससी एल्सा-3 हे मालवाहू जहाज बुडाले. त्यानंतर केरळ उच्च न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज अटकवून ठेवण्याचा आदेश दिला. अशा आदेशाला सर्रास 'जहाज जप्त' म्हटले जाते. प्रत्यक्षात दाव्याच्या रकमेपोटी तारण मिळेपर्यंत जहाज बंदरात रोखून धरायचे, एवढाच त्याचा अर्थ. मालकी कुठेही जात नाही.

आपल्याकडे रेल्वेचाच प्रश्न जास्त निकडीचा आहे, म्हणून एक कळकळीची विनंती. लोहमार्ग पोलिसांकडून बातमी घेताना माणूस गाडीतून पडला की रुळावर होता, हे विचारून घ्यावे. तिकीट सापडले नसेल तर 'तिकीट सापडले नाही' असेच लिहावे. आणि बातमीच्या तळाशी एवढे छापावे: गाडीतून पडून मृत्यू झाल्यास वारसांना 8 लाख रुपये भरपाई मागता येते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा. त्याचे खंडपीठ नागपुरातच आहे, आणि अपघात दुसऱ्या राज्यात झाला असला तरी अर्जदार राहतो त्या भागातल्या खंडपीठाकडे दाद मागता येते. मर्गाची (अकस्मात मृत्यूची) पोलिसांतली नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि स्टेशन मास्तरचा मेमो यांच्या प्रती लगेच मागून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, अजनी, नागपूर