नेब्रास्काला कोच पाहिजे

लिंकन, नेब्रास्का
20 नोव्हेंबर 2022

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, एका कॉलेजच्या कोचसाठी अख्खं राज्य का पेटलंय? ते फोनवर सांगून संपलं नसतं. आज रविवार आहे, सवडीनं लिहितो.

काल इथं नेब्रास्का विद्यापीठाची विस्कॉन्सिनशी अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही 14-3 नं पुढं होतो, आणि शेवटच्या मिनिटात 15-14 नं हरलो. सीझनमध्ये आता तीन जिंकल्या, आठ हरल्या. योग बघ, काल मैदानाच्या दोन्ही कडांना हंगामी कोच उभे होते. आमचा मिकी जोसेफ आणि त्यांचा जिम लेनर्ड. दोघांच्याही नोकरीचा फैसला व्हायचाय. मॅच संपली तरी आमच्या रांगेतली माणसं उठेनात. कानटोप्या, हातमोजे, तोंडातून वाफा, आणि चर्चा एकच: पुढचा कोण? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ हरल्यावर तालमीच्या दारात जी माणसं जेवायचं विसरून भांडायची, ती जात इथं भेटली मला.

हे राज्य जेमतेम वीस लाख वस्तीचं. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ इथं नाही, ना फुटबॉलचा, ना बेसबॉलचा. जे आहे ते हे विद्यापीठ. 1962 पासून मेमोरियल स्टेडियमची घरची प्रत्येक मॅच हाऊसफुल्ल आहे. टॉम ऑस्बॉर्न पंचवीस वर्षं कोच होता, 255 मॅच जिंकला, 1994, 1995 आणि 1997 ची राष्ट्रीय विजेतेपदं त्याचीच. त्याच्यानंतर फ्रँक सोलिच आला. 2003 मध्ये नऊ मॅच जिंकूनही त्याला काढलं. पुढं बो पेलिनी आला, सात वर्षांत एकदाही नऊच्या खाली उतरला नाही, त्यालाही 2014 ला नारळ दिला. नऊ विजय म्हणजे अपयश असं तेव्हा मानणारी माणसं आज सहा विजयांसाठी देव पाण्यात घालून बसलीत. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथंच आहे.

मग आला स्कॉट फ्रॉस्ट. इथल्याच मातीतला पोरगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला 13-0, म्हणजे तेरा विजय आणि शून्य पराभव, असं नेऊन आलेला कोच. याहून चांगलं स्थळ कुठलं असणार? पण 16 विजय आणि 31 पराभव. मागच्या वर्षी नऊ मॅच हरला, त्या नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नवर 28-17 अशी आघाडी असताना ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे चेंडू मुद्दाम आखूड मारून पुन्हा आपणच पकडायचा, हे पिछाडीवरच्या संघाचं हत्यार. चेंडू त्यांच्या हातात गेला आणि मॅचही. 10 सप्टेंबरला घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्ननं 45-42 नं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची दीड कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती. तरी थांबले नाहीत, आणि थांबायला हवं होतं असं म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही.

तेव्हापासून ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, केस कापायच्या दुकानात, किराणा घेताना रांगेत, जिथं जाईन तिथं नावांची उजळणी चालू आहे. न्हाव्याला अर्बन मायर पाहिजे. तीन राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, गोष्ट खरी, पण जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघानं गेल्या डिसेंबरमध्ये पहिला सीझन संपायच्या आत त्याला घरी पाठवलं, आणि तो इथं चार वर्षं चिखल तुडवत बसेल असं मला वाटत नाही. काहींच्या तोंडी आयोवा स्टेटचा मॅट कॅम्पबेल आहे. या वर्षी त्याचाच संघ ढेपाळलाय.

शेजारचे आजोबा मात्र मिकी जोसेफसाठी हटून बसलेत. मिकी इथंच क्वार्टरबॅक होता. या विद्यापीठाच्या कुठल्याही खेळात मुख्य कोच झालेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. काल आजोबा मला म्हणाले, "त्यानं मोडका संसार हातात घेतला आणि पोरांनी लढणं सोडलं नाही, हे कुणी मोजणार की नाही?" मोजायलाच हवं. इंडियाना आणि रटगर्सला त्यानं हरवलं, पर्ड्यूशी 43-37 पर्यंत झुंजला. पण त्यानंतर मिशिगननं 34-3 नं धुतलं, आणि पुढची मोट बांधायला मुख्य कोच म्हणून त्याचा अनुभव कमी पडतो असं मला वाटतं. त्याला निरोप द्यायचा झाला तर मानानं द्यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

खरी लढत दोघांत आहे. एक मॅट रूल. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी 2-10, तिसऱ्या वर्षी 10-4. बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी 1-11, तिसऱ्या वर्षी 11-3. दोन्हीकडं तळ गाठलेला संघ घेऊन त्यानं वर काढला. बेलर टेक्सासात आहे, त्यामुळं तिथले शाळांचे कोच त्याच्या ओळखीचे. आम्ही 2011 ला टेक्सासचे संघ असलेली जुनी लीग सोडून बिग टेन या लीगमध्ये गेलो आणि टेक्सासची पोरं आटली, म्हणून ही ओळख सोन्याची. शिवाय तो स्वतः पेन स्टेटला वॉक-ऑन होता, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात घुसलेला. नेब्रास्काच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं याच वाटेनं ऑस्बॉर्नच्या संघात आली होती, त्यामुळं त्या एका गोष्टीवर इथली म्हातारी माणसं विरघळतात. विरोधक म्हणतात, कॅरोलायनाच्या व्यावसायिक संघात तो 11-27 करून गेल्या महिन्यात हाकलला गेलाय. ते मला फारसं टोचत नाही, तो खेळच वेगळा. टोचतं ते हे, की मुख्य कोच म्हणून तीन-चार वर्षांपेक्षा जास्त तो कुठंच टिकलेला नाही.

दुसरा लान्स लायपोल्ड, आणि माझं मत त्याला. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या छोट्या कॉलेजात त्यानं सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, 109 विजय आणि पराभव फक्त सहा. मग सहा वर्षं बफेलो. कॅन्ससनं 2020 ला एकही मॅच जिंकली नव्हती, आज त्याच कॅन्ससला त्यानं 2008 नंतर पहिल्यांदा बोलसाठी, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचसाठी, पात्र केलंय. तो सोलिचच्या हाताखाली इथं लिंकनमध्ये होता, आणि ओमाहाच्या विद्यापीठातही त्यानं बरीच वर्षं काढलीत. या ओमाहाचा फुटबॉल संघ 2011 ला बंद केला तो ट्रेव्ह अल्बर्ट्सनं. आणि आता इथला कोच निवडणारा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा क्रीडाप्रमुखही तोच! ओमाहाकडच्या लोकांच्या मनात ती जखम अजून ओली आहे.

ऑफिसातला एक जण मला म्हणाला, लायपोल्ड 58 वर्षांचा आहे, पोरांना भुरळ पाडणारं नाव नाही. अरे, भुरळ पाडणारं नाव गेली पाच वर्षं होतंच की! आम्हाला हवाय तो रोज सकाळी लाइनमनला, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूला, पाय कुठं टाकायचा हे शिकवणारा माणूस. एका गुणानं, तीन गुणांनी, सात गुणांनी मॅच जातात तेव्हा कमी पडते ती शिस्त. काल शेवटच्या मिनिटात तेच दिसलं. आणि कुणीही येवो, त्याला चार सीझन द्यायला हवेत. रूलचेच आकडे बघ, टेंपलनं किंवा बेलरनं त्याला पहिल्या वर्षीच हाकललं असतं तर?

शुक्रवारी आयोवाशी मॅच आहे, त्यांच्या घरी. 2014 नंतर आम्ही त्यांना हरवलेलं नाही. लोकांचा होरा असा की त्यानंतर लगेच नाव जाहीर होईल. त्याआधी तुझं मत पाठव, रूल की लायपोल्ड. कारणासकट लिही, मला ते शेजारच्या आजोबांना वाचून दाखवायचंय. काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या