सगळ्या त्रुटी एकदाच

नवी दिल्ली

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "समोरच्या काकू विचारत होत्या, तुमची लेक दिल्लीत नक्की करते काय? मी म्हटलं, सरकारचे हिशोब बघते. बरोबर ना गं?" मागून बाबांचा आवाज आला, "कलेक्टरच्या वरचं पद आहे म्हणावं." बाबा, तुम्ही ते अभिमानाने म्हणालात, मला ठाऊक आहे. पण 'कलेक्टर' हा शब्द 1995 पासून आपल्या दोघांत अडकून राहिलाय आणि त्यावर आपण कधी बोललो नाही. फोनवर औषधं, पाऊस आणि आईचे गुडघे यातच वेळ जातो, म्हणून लिहायला बसले.

यूपीएससीचा निकाल लागला आणि मला भारतीय नागरी लेखा सेवा मिळाली तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत. रात्री अंगणात बसून मात्र म्हणालात, "अजून एक संधी आहे. पुन्हा बस, कलेक्टर होशील." मी हो म्हटलं. पुढे परीक्षेचा अर्जही आणला, पण भरला नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. ते कारण आजीच्या पेन्शनमध्ये आहे.

आजोबा 1978 च्या उन्हाळ्यात गेले, नोकरीत असतानाच. मी दहा वर्षांची होते. तुम्ही तेव्हा तहसीलीत कारकून होतात, दर महिन्याला सगळ्या कचेरीची पगाराची बिलं उपकोषागारात नेत होतात. टोकन काय, बिल पास होणं काय, हे तुमच्याइतकं अंबाजोगाईत कुणाला कळत होतं? तरीही आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद चार वेळा परत आले. पहिल्यांदा त्रुटी निघाली ती सेवापुस्तकाची. आजोबा निजामाच्या अमलात नोकरीला लागलेले, पहिली पानं सगळी उर्दूत. त्यांचं मराठी भाषांतर करून हवं होतं. तुम्ही एका निवृत्त पेशकारांना गाठून ते करून घेतलंत. दोन महिन्यांनी पुन्हा परत: सेवापुस्तकात आजीचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरी ठेवलेलं. ते निस्तरलं तर दाखल्यावर गोल शिक्का नाही. शिक्का आणला तर अर्जाची दुसरी प्रत नाही.

कागद खरे होते आणि त्रुटीही खऱ्या होत्या. पण चारही पहिल्याच दिवशी दिसत होत्या.

शेवटी तुम्ही पहाटेची एसटी धरून कागद परत पाठवणाऱ्या त्या कचेरीतच गेलात. तिथल्या एका वयस्कर लेखापालांनी तुम्हाला समोर बसवलं, फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि अजून काय काय लागेल ते एका कागदावर ओळीने लिहून दिलं. रात्री घरी आलात तेव्हा तो कागद आजीपुढे धरून तुम्ही म्हणालात, "सगळ्या एकदाच सांगितल्या, माय." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पांघरुणातून बघत होते.

मंजुरी आली 1980 च्या सुरुवातीला, म्हणजे आजोबा गेल्याला 19 महिने झाल्यावर. आई, मधल्या काळात घर चालवायला तू पाटल्या मोडल्या होत्यास. एकट्या पगारात आठ माणसं, त्यात आत्याचं बाळंतपण. थकबाकी एकरकमी हातात आल्यावर आजीने पहिलं काम काय केलं, तर तुला सराफाकडे नेलं. पाटल्या मोडल्या तेव्हा किती पैसे आले होते ते तिने नीट लक्षात ठेवलं होतं, थकबाकीतून तेवढेच नेले. त्या दीड वर्षात सोन्याचा भाव दुपटीच्या घरात गेला होता. दोन पाटल्यांच्या पैशांत एकच झाली. घरी येऊन तू ती हातात घातलीस आणि काही बोलली नाहीस. सरकारने आजीला पैन् पै दिली होती, कागदोपत्री कुणाचंच काही बुडालं नव्हतं. पण उशिरा आलेला पैसा आकड्याने तेवढाच असला तरी तेवढा नसतो, हे मी पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलं तेव्हा मला तुझा रिकामा डावा हात आठवला.

फरिदाबादला प्रशिक्षण चालू असताना आम्हाला एका वेतन व लेखा कार्यालयात काम शिकायला पाठवलं. तिथे परत पाठवलेल्या देयकांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात आला. त्यात एका दिवंगत शिपायाच्या ग्रॅच्युइटीचं बिल होतं, तिसऱ्यांदा परत चाललेलं. तिन्ही वेळची त्रुटी वेगळी. मी ते घेऊन सगळी फाइल वाचली, अजून दोन गोष्टी राहिल्या होत्या त्या काढल्या आणि एकाच टिपणात लिहिल्या. बिल पुढच्या खेपेला पास झालं. माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा परीक्षेचा कोरा अर्ज होता. तो कोराच राहिला. बाबा, कलेक्टर होणं मला नको होतं असं नाही. खिडकीच्या ज्या बाजूला तो लेखापाल बसला होता, ती जागा मला मिळाली आहे आणि ती सोडायची नाही, एवढं मात्र त्या दिवशी पक्कं झालं.

आता काकूंना काय सांगायचं ते. आमची सेवा 1976 मध्ये सुरू झाली, 1 मार्चला आम्ही तिचा दिवस साजरा करतो. त्याआधी केंद्र सरकारचे बहुतेक हिशोब लिहिणं आणि तपासणं ही दोन्ही कामं महालेखापरीक्षकांच्या एकाच खात्याकडे होती. त्या वर्षी केंद्रापुरतं लेखांकन वेगळं झालं. प्रत्येक मंत्रालयाचं स्वतःचं लेखा कार्यालय आलं, सगळ्यांच्या वर महालेखानियंत्रक. तपासणी महालेखापरीक्षकांकडेच राहिली. राज्यात मात्र जुनीच पद्धत आहे, म्हणून तर बाबांच्या पेन्शनचे कागद नागपूरला महालेखापालांकडे गेले होते. मंत्रालयाच्या पैशाला जबाबदार असतात सचिव, आणि त्यांच्या वतीने ते काम चालवते ती प्रधान मुख्य लेखा नियंत्रक, म्हणजे मी. बिलं तपासून पैसे देणं, महिन्याचा हिशोब पुढच्या महिन्यात पुरा करणं, अंतर्गत लेखापरीक्षा, आणि संसदेने मंजूर केलं त्याच्या बाहेर रुपया जात नाही ना ते बघणं. कायद्याने विनियोजन, म्हणजे कशासाठी किती पैसा याची मंजुरी, झाल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून काहीही काढता येत नाही, असं संविधानाच्या 114 व्या अनुच्छेदात आहे. ते वाक्य माझं रोजचं कुलूप आहे.

बाबा, लेखाशीर्षांची, म्हणजे प्रत्येक खर्च ज्या आकड्याखाली लिहायचा त्या आकड्यांची गंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. आकडा 2 किंवा 3 ने सुरू झाला की महसुली खर्च, 4 किंवा 5 ने की भांडवली. 2202 शिक्षण, 2071 पेन्शन. 8658 म्हणजे उचंत खातं. ज्याचं घर सापडलं नाही ते पैसे तिथे जाऊन बसतात, आणि मला झोप न लागण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. माझ्या सुरुवातीच्या काळात चेकबुकं लोखंडी तिजोरीत असायची. बँकेच्या स्क्रोलशी, म्हणजे वटलेल्या चेकांच्या यादीशी, एकेक चेक जुळवताना रात्र व्हायची. आता पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या संगणक यंत्रणेवर, डिजिटल सही केली की पैसे थेट माणसाच्या खात्यात जातात. पलीकडच्या गल्लीतल्या मामांच्या मोबाइलवर किसान सन्मानच्या दोन हजारांचा मेसेज येतो ना, त्यामागे हीच यंत्रणा आहे. मला ती मनापासून आवडते. पण यंत्रसुद्धा एका वेळी एकच त्रुटी दाखवून कागद परत करू शकतं, हेही मी पाहिलंय. म्हणून जिथे गेले तिथे पहिल्या दिवशी एकच सूचना दिली: सगळ्या त्रुटी एकदाच काढा. फाइल शेवटपर्यंत वाचल्याशिवाय परत पाठवायची नाही. माझ्याबरोबर काम केलेली माणसं माझं बाकी सगळं विसरली तरी हे वाक्य सांगतात.

नाही म्हणणंही या कामात आलंच. 31 मार्चची रात्र तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी तुमचा डबा घेऊन मी उपकोषागारात यायचे, व्हरांड्यात माणसांची रांग, आत कंदिलासारखे पिवळे दिवे, आणि हैदराबाद बँकेचे कॅशियर बारा वाजेपर्यंत जागे. तशाच एका रात्री एका कचेरीतून माझ्याकडे मोठ्या रकमेचं आगाऊ देयक आलं. माल आलेला नव्हता, करारही पुरा नव्हता. वर्ष संपताच न खर्चलेला निधी व्यपगत होऊ नये, हातचा जाऊ नये, म्हणून पैसे काढून ठेवायचे होते. माझ्यापेक्षा खूप वरच्या माणसाचा फोन आला, मग दुसऱ्याचा. मी लेखी आक्षेप नोंदवून बिल परत केलं. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणं हा वित्तीय औचित्याचा भंग आहे, असं वित्तीय नियमावलीतच लिहिलंय. त्याच नियमावलीत आणखी एक वाक्य आहे, ते आईसाठी सांगते. साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जेवढी दक्षता घेतो, तेवढीच सरकारी पैसा खर्चताना प्रत्येक अधिकाऱ्याने घ्यावी, असा त्याचा अर्थ. आई, ते वाचते तेव्हा मला तू दिसतेस, पगाराच्या दिवशी किराण्याचे, दुधाचे, फीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत घालणारी. फीच्या डब्यातले पैसे तू कधी दुसरीकडे वळवले नाहीस, अगदी पाटल्या मोडाव्या लागल्या तरी. त्या बिलानंतर माझी बदली झाली. घर हलवावं लागलं, मुलीची शाळा अर्ध्यातून सुटली. तेव्हा तुम्हाला 'बढतीवर जातेय' असं सांगितलं होतं. ते खोटं होतं, आज कबूल करते.

आता कामाचं. बाबा, हे तुम्ही शांतपणे वाचावं. मी गेल्या दिवाळीत आले तेव्हा तुमची हिरवी फाइल चाळली होती. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव आहे, पण तिची जन्मतारीख नाही, आणि नावही आधारवरच्यापेक्षा एका अक्षराने वेगळं आहे. ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर पेन्शनमध्ये आणि कुटुंब निवृत्तिवेतनातही वाढ मिळते. केंद्रात ती ऐंशीला 20 टक्के, पंच्याऐंशीला 30, आणि शंभरीला मूळ पेन्शनएवढीच अजून. पण कागदावर तारीखच नसेल तर बँकेच्या संगणकाला ते वय कळणार कसं? हा विषय घरात काढायला जीभ रेटत नव्हती, म्हणून वर्षभर गप्प बसले. पण तुम्हीच मला शिकवलंय की कागद माणूस असतानाच नीट करायचे असतात.

मी 1 नोव्हेंबरला येते. हयातीचा दाखला आपण सगळे मिळून बँकेत जाऊन देऊ. मोबाइलवरूनही होतो, पण तुम्हाला तिथे जाऊन यादीवर सही करायला आवडतं, जुनी माणसं भेटतात. त्याच दिवशी कोषागारात दुरुस्तीचा अर्ज देऊ. त्याआधी एवढं करून ठेवा: पीपीओच्या पहिल्या दोन पानांचा फोटो, आईचा शाळा सोडल्याचा दाखला (माजलगावच्या मामाकडे असेल, मी त्याला फोन केलाय), दोघांचं आधार, बँकेच्या संयुक्त खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, आणि दोघांचा एकत्र फोटो, तीन प्रती. आई, फोटोला ती पाटली घालून बस.

यादी मी दोनदा तपासलीय. आणखी काही लागणार नाही.

तुमची,
ताई