भुतांचा नाच कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळांच्या सभागृहांत आणि वाचनालयांत बालचित्रपट दाखवले जातात. त्यात सत्यजित राय यांचा बंगाली ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) जरूर ठेवावा. गाणारा गुपी आणि ढोल वाजवणारा बाघा यांना जंगलात भुतं भेटतात, त्यांच्यापुढे नाचतात आणि भुतांचा राजा दोघांना तीन वर देतो, अशी ही गोष्ट. फक्त एक विनंती. दोन तासांवरचा सिनेमा आटोपता करायचा म्हटलं की पहिली नजर जाते ती भुतांच्या नाचावर. त्याला हात लावू नये.

साडेसहा मिनिटांच्या या नाचात गाणं नाही, नुसता ताल आहे. वाद्यं चार, भुतांचे वर्गही चार. राजेरजवाड्यांना मृदंगम, शेतकऱ्यांना कंजिरा (डफासारखं छोटं वाद्य), गोऱ्या साहेबांना घटम (मातीचा घडा) आणि ढेरपोट्यांना मोरसिंग (तोंडात धरून वाजवायचं लोखंडी वाद्य). साहेबांची भुतं सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम्स) टिपली आणि २४ने दाखवली. त्यामुळे ती दीडपट वेगानं, कळसूत्री बाहुल्यांसारखी झटके देत हलतात. थोड्या वेळानं प्रत्येक वर्ग आपसांतच जुंपतो. हल्ला आणि शुंडी या राज्यांमधल्या पुढच्या युद्धाची नांदी इथेच होते. मुलं घाबरतील ही शंका तर अगदीच फोल. मोरसिंगच्या तालावर ढेऱ्या हलू लागल्या की सभागृहात हशा पिकतो.

शेवटी चारही वर्ग एकाच चौकटीत, चार मजली चाळीसारखे एकावर एक नाचतात. घोटाळा होतो तो इथे. चित्रपटाच्या चौकटीचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७:१, आजच्या टीव्हींचं १६:९. पडदा भरावा म्हणून ‘झूम’ केलं की उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. वरच्या मजल्याची डोकी आणि तळमजल्याचे पाय गायब! ‘स्ट्रेच’ केलं तर रुंदी ३० टक्क्यांनी वाढून हडकुळ्या भुतांनाही ढेरी सुटते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. टीव्हीवरचं ‘मोशन स्मूदिंग’ही (हालचाल सफाईदार दिसावी म्हणून मधल्या चौकटी भरणारी सोय) आधी बंद करावं, नाहीतर साहेबांचे झटके गुळगुळीत होतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर मृदंगमाची डावी बाजू ऐकूच येत नाही, तेव्हा बाहेरचे स्पीकर लावावेत.

भुतांचा राजा पद्यात बोलतो. आवाज स्वतः राय यांचा, टेपचा वेग वाढवून किनरा केलेला. लहान मुलांना उपशीर्षकं वाचायला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून त्याचे तीन वर आधीच मराठीत सांगून ठेवावेत: टाळी देताच हवं ते खाणं आणि कपडे, मनात येईल तिथे नेणारे जोडे, आणि ऐकणारा जागच्या जागी थिजेल असं गाणं-वाजवणं. एवढं कळलं की आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि उपाशी सैनिक युद्ध सोडून त्यांच्यावर तुटून पडतात, ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि दिवे लावायची घाई नको. पैशांअभावी सगळा चित्रपट कृष्णधवल झाला, रंग फक्त अखेरच्या प्रसंगात आहेत. तेवढ्यात कुणी ट्यूबलाइट लावली, तर तेही फिके पडतात.

— फिल्म सोसायटीचे काही कार्यकर्ते, पुणे