सेखमेतला चेतवायचे नसते, निववायचे असते

संपादक महोदय,

प्राचीन इजिप्तच्या देवतांची घरी उपासना करणाऱ्यांसाठी हल्ली बरेच लिहिले जाते. त्यात सिंहमुखी सेखमेतची ओळख बहुधा 'सूडाची देवी' अशी असते आणि शत्रूवर मात करायची तर लाल मेणबत्ती लावून तिला जागवा, असा सल्लाही पुढे येतो. हे अगदी उलटे आहे. तिच्या नावातला 'सेखेम' म्हणजे सामर्थ्य. ते आपल्यावर उलटू नये म्हणून तिला निववणे हा तिच्या पूजेचा गाभा. त्याला इजिप्तच्या भाषेत 'सेहेतेप' म्हणत.

यामागची कथा तुतनखामेन राजाच्या शवपेटीभोवतीच्या देव्हाऱ्यांपैकी सर्वांत बाहेरच्या, सोन्याने मढवलेल्या देव्हाऱ्यावर आणि पहिला सेती या राजाच्या थडग्यात कोरलेली आहे. बंड करणाऱ्या माणसांना शासन करायला सूर्यदेव रे आपला 'डोळा', म्हणजेच ही देवी, धाडतो. देवी अशी चवताळते की शेवटी सूर्यदेवालाच माणसांना वाचवावे लागते. बार्लीच्या बिअरमध्ये लाल खनिज कालवून ७,००० घडे रातोरात शेतांत ओततात. थर तीन पंजांचा, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटर. सकाळी देवीला त्यात आपला चेहरा सुंदर दिसतो. ती पिते आणि इतकी झिंगते की माणसे तिला ओळखूच येत नाहीत. तेव्हा लाल पेय हा तिच्या रागावरचा उतारा आहे, राग चढवण्याचे साधन नाही.

त्या पेयासाठी गेरू किंवा रंगाची भुकटी बिअरमध्ये घालू नये, कारण अर्पण केलेले नंतर प्यायचे असते. मद्य नको असेल तर आजच्या इजिप्तमध्ये घरोघरी होणारे कर्कदे, म्हणजे लाल अंबाडीच्या सुकवलेल्या फुलांचे पेय, उत्तम. ५ ग्रॅम फुले २५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवावीत, गाळावे, निववून वाहावे. पेला काचेचा किंवा चिनीमातीचा असावा. कर्कदे आणि बिअर दोन्ही आंबट, त्यामुळे तांब्या-पितळेत ठेवली की धातू उतरतो. पेल्यातला तांबडा रंग मध्येच जांभळा-निळसर झाला तर त्यात दैवी कोप शोधू नका. शुद्धीच्या पाण्याने ओले झालेले बोट त्यात बुडालेले असते. त्या पाण्यात घालायचे नेत्रोन, म्हणजे सोड्याचा नैसर्गिक क्षार, अल्कधर्मी आहे आणि या फुलांचा रंग त्याने पालटतो. हात पुसून मगच पेल्याला लावावा.

नेत्रोनबद्दलही गोंधळ फार. मूळ नेत्रोन इजिप्तमधील वादी नत्रून येथील कोरड्या तळ्यांतून येई. पुजारी ते तोंड शुद्ध करायलाही वापरत. घरी खाण्याचा सोडा आणि मीठ समभाग कोरडेच मिसळावे, पेलाभर पाण्याला पाव चमचा पुरतो. हे मिश्रण उकळून, भट्टीत आटवून घ्या असे अनेक जण सांगतात. तापवल्यावर खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो. तो मूळ नेत्रोनमध्येही असतो, म्हणून हे जास्त अस्सल वाटते खरे, पण त्याने कातडी चुरचुरते आणि तोंड भाजते. अस्सलपणाची हौस इथे आवरावी.

धूप जाळताना वाडग्यात दोन-तीन सेंटिमीटर वाळू हवी. कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत थांबावे, मगच वाटाण्याएवढा ऊद ठेवावा. घाई केली की राळ वितळायच्या आधीच जळते, धूर करपट येतो आणि घसा धरतो. खिडकी उघडी ठेवावी.

क्रम साधा आहे: हातपाय-तोंड धुणे, दिवा, धूप, गार पाणी, मग पाव आणि पेय, आणि थोडे शब्द. शब्दांत मागणे कमी, 'शांत हो' हे जास्त. पुढचा भाग मात्र हमखास गाळला जातो. देवळात अर्पण केलेले अन्न देवापुढून काढून पुजाऱ्यांत वाटले जाई. ते रात्रभर ठेवून सकाळी कचऱ्यात टाकणे ही आजची सवय. थोड्या वेळाने ते खाऊन संपवावे. शेवटी देवळातला पुजारी आपल्या पावलांचे ठसे झाडत मागे सरे आणि गाभाऱ्याचे दार बंद करी. घरी कापड टाकून मूर्ती झाकली तरी चालते, पण उघडी टाकून उठू नये.

तिच्यासाठी सर्वांत जपायचा काळ म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पंचांगातले वर्षाअखेरचे पाच जादा दिवस. तेव्हा तिचे दूत रोगराई घेऊन फिरतात अशी समजूत होती. नेदरलँड्समधील लायडन येथे जतन केलेल्या एका पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात, त्यावरचा उपाय दिला आहे: तलम तागाच्या पट्टीवर देवांची चित्रे काढायची, तिला बारा गाठी मारायच्या, पाव, बिअर आणि धूप वाहायचा, आणि ती गळ्यात बांधायची. हे आजही जसेच्या तसे करता येते. तारीख मात्र कुणाची उचलू नये. नवे वर्ष व्याध ताऱ्याच्या पहाटेच्या पहिल्या दर्शनाशी जोडायचे, तर ते दर्शन अक्षांशानुसार बदलते. एक अंश उत्तरेला गेले की सुमारे एक दिवस उशीर होतो. कैरोचा दिवस लंडनमध्ये पाळला तर तारा अजून सूर्याच्या उजेडातच असतो.

आजारपणात तिची आठवण होते ते योग्यच. वैद्यकावरच्या एबर्स पपायरसमध्ये नाडी पाहणाऱ्यांत वैद्याबरोबर सेखमेतच्या पुजाऱ्याचाही उल्लेख आहे. दोघे एकाच ओळीत, म्हणून औषध बंद करून नुसते पाणी वाहणाऱ्यांना प्राचीन आधार सापडणार नाही.

इजिप्तमधील कर्नाकच्या प्राचीन देवळांत जाणाऱ्यांसाठी एक विनंती. तिथे प्ताह या देवाच्या देवळातल्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत, छताच्या झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात तिची काळ्या दगडाची मूर्ती उभी आहे. तिला तेल लावू नका, पायाशी धूप-दिवा पेटवू नका. तेलावर धूळ बसते आणि काजळीचा डाग सहज निघत नाही. देवळात तेल लावले जाई, पण ते पुजाऱ्याच्या करंगळीने.

आपले,
प्राचीन इजिप्तच्या उपासनापद्धतींचे काही अभ्यासक