पंचवीस हजारांचे तारण आणि माझी सात वर्षे

माननीय विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार. माझ्याविरुद्धचा एक दिवाणी दावा वादीने खर्चाचे तारण, म्हणजे दावा हरल्यास प्रतिवादीचा खर्च भागावा म्हणून ठेवायची हमीची रक्कम, मुदतीत न भरल्यामुळे फेटाळला गेला होता. तो गेल्या मंगळवारी न्यायालयाने पुन्हा फाईलवर घेतला. त्या दिवशी घरी परतल्यावर हे पत्र लिहायला बसलो.

वादी माझा चुलतभाऊ. तीसेक वर्षांपासून परदेशात राहतो. कसबा पेठेतील वडिलोपार्जित वाड्यात हिस्सा मागण्यासाठी त्याने 2018 मध्ये कुलमुखत्यारामार्फत दावा लावला. वादग्रस्त वाडा सोडला तर भारतात त्याची कोणतीही स्थावर मालमत्ता नाही. तो हरला, तर माझा खर्च मी कोणाकडून वसूल करायचा? नेमक्या अशाच वादीकडून तारण घेण्यासाठी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 25 आहे. त्यानुसार मी 2019 मध्ये अर्ज दिला. मग वादीचे म्हणणे यायचे, ते आले तर वकील गैरहजर, वकील आले तर साहेब रजेवर. या काळात आमच्या पेठेखालून भुयार खणले गेले, त्यात स्थानक उभे राहिले आणि 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो धावू लागली. माझा अर्ज मात्र जागचा हलला नव्हता.

अखेर गेल्या वर्षी आदेश झाला : पंचवीस हजार रुपये, साठ दिवसांत. माझा तोवरचा खर्च चार लाखांच्या घरात गेला होता, कदाचित साडेचार. पावत्या सगळ्या जपलेल्या नाहीत. वादीने तेही भरले नाहीत आणि दावा फेटाळला गेला. मग पुरेसे कारण होते म्हणून अर्ज, विलंब माफ, दावा पुन्हा जिवंत. कायद्यात ती सोय आहे, हे मला मान्य आहे. पण सात वर्षे टेकू लावून उभ्या असलेल्या वाड्याला, दर पावसाळ्यात भिंतीवर डकवल्या जाणाऱ्या नोटिशीला आणि रात्री माती पडली की दचकून उठणाऱ्या माझ्या पत्नीला कोणता विलंब माफ होणार? दावा प्रलंबित असल्याने विकसक करार करत नाही आणि दुरुस्तीला कर्ज मिळत नाही. मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे.

महाराष्ट्रात तर याहून धारदार तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्तीनुसार मिळकतीतील हिश्श्याच्या बदल्यात दाव्याला पैसा पुरवणाऱ्या त्रयस्थालाही पक्षकार करून त्याच्याकडून तारण मागता येते. आमच्या दाव्यामागे कोण आहे, हे पेठेतला चहावालाही सांगेल. मात्र पुरावा मी आणायचा, आणि त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा.

समजा मी जिंकलो, तरी दावा खोटा व त्रासदायक ठरल्यास त्याच संहितेच्या कलम 35-अ खाली मिळणारी भरपाई जास्तीत जास्त तीन हजार रुपये आहे. ही मर्यादा 1976 च्या दुरुस्तीतली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती अपुरी असल्याचे सांगितले, विधी आयोगाने 2012 मध्ये खर्चाच्या प्रश्नावर 240 वा अहवाल दिला. व्यापारी दाव्यांसाठी 2015 मध्ये नियम सुधारले, कारण व्यापाऱ्यांचा वेळ मोलाचा असतो. आमचा, बहुधा, फुकटचा.

सरकारने स्वतःची सोय मात्र चोख लावली आहे. हुकूमनाम्याला स्थगिती मागणाऱ्या सामान्य अपीलकर्त्याला तारण द्यावे लागते. सरकारला आदेश 27 नियम 8-अ ने त्यातून सूट आहे. सर्वांत मोठा पक्षकार तारणाशिवाय भांडतो आणि जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली की पक्षकारांनाच भांडकुदळ म्हटले जाते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो नव्हतो, मला ओढत नेले गेले.

हा केंद्राचा विषय आहे, असे उत्तर कृपया देऊ नये. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. तारणाच्या अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत लागावा, रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या अंदाजावर ठरावी आणि फेटाळलेला दावा पुन्हा घेताना आधी थकलेले तारण भरून घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे. गरीब वादीला दारातच अडवावे, असे मी म्हणत नाही; माझा चुलतभाऊ गरीब नाही.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तिचे कारण रोजनाम्यात लिहिले आहे : वादीस तारण भरण्यासाठी मुदत.

आपला,
एक प्रतिवादी, कसबा पेठ, पुणे