भाऊ, पेटी पोचली

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी पेटी पोचली. टेम्पोवाल्याने आणि आमच्या वॉचमनने मिळून ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. दोघांनीही विचारलं, ‘ताई, यात लोखंड भरलंय काय?’ कागद आहेत म्हटल्यावर त्यांना पटेना. फोनवर तुम्हाला ‘पोचली’ एवढंच बोलले, कारण गळा दाटून आला होता. जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण तुमच्याबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. मोठ्या पेपरांच्या संपादकांचे गौरवग्रंथ निघतात, त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालतात. सायंदैनिकाच्या संपादकाला कोण विचारतं? तुम्ही बावीस वर्षं रोज जो पेपर काढलात, तो लोकांनी लोकलमध्ये वाचला आणि उतरताना सीटवर टाकून दिला. त्या पेपरात मी घडले.

१९९६ च्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा मराठीची एमए होते आणि रविवारच्या पुरवणीत ललित लिहायची स्वप्नं बघत होते. तुम्ही पहिल्या दिवशी मला टेबलही दिलं नाहीत. दुपारी दोनला गठ्ठ्यांच्या गाडीत बसवून दादरला पाठवलंत. ‘संध्याकाळपर्यंत स्टॉलपाशी उभी राहा. लिहू नकोस काही. नुसती बघ.’ मी बघत राहिले. माणसं पुलावरून उतरायची, स्टॉलपाशी पाऊल जरासं अडखळायचं, नजर मथळ्यावर जायची. कुणाचा हात खिशाकडे जायचा, कुणी तसाच पुढे निघायचा. साडेपाचला परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सकाळच्या पेपराला घरचं गिऱ्हाईक असतं, महिन्याचं बिल असतं. आपलं गिऱ्हाईक रोज नवं. त्या एका नजरेवर आपला पगार. म्हणून आपला मथळा मोठा. आणि म्हणूनच आपला मोह मोठा.’

मोह म्हणजे काय ते मला वर्षभराने कळलं. ते पुढे सांगते.

पेटी मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिली. तुमच्या केबिनमध्ये, खिडकीखाली, वर पानं चिकटवणाऱ्या पेस्टरचा रबर सोल्यूशनचा डबा ठेवलेला. आत ‘ब्लिट्झ’. रुसी करंजियांचं इंग्रजी साप्ताहिक, टॅब्लॉइड आकाराचं, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. चौदा वर्षांचे असताना तुम्ही शाळा सुटल्यावर प्रार्थना समाजाजवळच्या पेपरच्या स्टॉलवर काम करायचात. ते वर्ष १९५९. एप्रिलच्या २७ तारखेला नौदलातल्या कमांडर नानावटींनी पत्नीचे ज्यांच्याशी संबंध होते त्या प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या आणि सगळी मुंबई त्या एका खटल्याने झपाटली. पंचवीस नव्या पैशांचा ‘ब्लिट्झ’ दोन रुपयांना विकला जात होता. फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ म्हणून खेळणी विकत होते. त्या काळ्या बाजारातले काही रुपये तुमच्या हातून मालकाच्या गल्ल्यात गेले होते. इंग्रजी तुम्ही त्या अंकांवरच शिकलात, इराण्याच्या हॉटेलात, शेजारी डिक्शनरी ठेवून. ‘मी त्या दोन रुपयांतून आलेला माणूस आहे,’ असं तुम्ही मला एकदाच म्हणालात. चेहऱ्यावर तेव्हा अभिमान होता की टोचणी, मला ओळखता आलं नाही.

तुम्ही मला तो १९५९ चा गठ्ठा घरी नेऊन वाचायला लावलात आणि सोबत एक काम दिलंत. ‘नवऱ्याच्या बाजूने किती ओळी आहेत ते मोज. मग मेलेल्याच्या बहिणीच्या वाट्याला किती आल्यात ते मोज.’ मला वाटलं होतं, मथळे कसे द्यायचे ते शिकायला गठ्ठा दिलाय. मी मोजायला बसले. शिस्तीचा, देखणा नौदल अधिकारी. फसवला गेलेला पती. आणि समोर पैसेवाला रंगेल माणूस. कथा आधी ठरलेली होती, खटला तिच्यात बसवत नेलेला होता. ज्यूरीने, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल मान्य झाला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. ‘ब्लिट्झ’ने माफीची मोहीम सोडली नाही. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्या माफीआधी मेमी आहुजांची, म्हणजे त्याच बहिणीची, लेखी संमती घ्यावी लागली होती. ज्या बाईला मोहिमेने खलनायकाची बहीण करून ठेवलं, तिच्याच सहीवाचून मोहीम पुरी होत नव्हती. (या एका खटल्यामुळे देशातली ज्यूरी बंद झाली असं सर्रास सांगतात. ते तितकंसं खरं नाही, हेही तुम्हीच मला तेव्हा बजावलं होतंत.)

पण तुम्ही करंजियांना कधी हिणवलं नाहीत, आणि मलाही हिणवू दिलं नाहीत. मी एकदा तावातावाने म्हणाले, हा कसला संपादक, हा तर बाजार. तेव्हा तुम्ही पेटीतले बाकीचे गठ्ठे टेबलावर काढलेत. १ फेब्रुवारी १९४१ ला, महायुद्ध पेटलेलं असताना, अठ्ठावीस वर्षांच्या या माणसाने साप्ताहिक सुरू केलं. काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये चहावर त्याची कल्पना निघाली. तिथे दिनकर नाडकर्णी होते, बेंजामिन हॉर्निमन होते. म्हणजे जालियनवाला बागेच्या बातम्यांसाठी इंग्रजांनी १९१९ मध्ये देशाबाहेर काढलेला इंग्रज संपादक, ज्याच्या नावाच्या बागेजवळून आपण फोर्टात रोज जात होतो. पहिल्या पानावर चित्रं, जाड मथळे, सरकारला आणि शेठजींना उघड जाब. शेवटच्या पानावर वर्षानुवर्षं लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचं सदर. लोक अंक मागून उघडायचे, हे तुम्ही स्टॉलवर डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे पी. साईनाथ तिथेच डेप्युटी एडिटर झाले आणि तिथून उठून थेट खेड्यांच्या वाटेला लागले. ‘बाजार असता तर ही माणसं तिथे टिकली असती का?’ तुमच्या या प्रश्नाला मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आणि किंमत. ती तुम्ही मला तारीखवार शिकवलीत. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर तोफ डागली. ‘ब्लिट्झ’ मेनन यांच्या बाजूचं. त्याच्या दिल्लीच्या प्रतिनिधीने कृपलानींच्या नावाची मोडतोड करून त्यांना वेड्यात काढणारा मथळा दिला. लोकसभेने तो हक्कभंग ठरवला आणि २९ ऑगस्टला करंजियांना सभागृहापुढे उभं करून अध्यक्षांनी समज दिली. बातमी प्रतिनिधीची, उभा राहिला संपादक. ठाकरसी या उद्योगपती घराण्यावरच्या एका लेखाचं प्रकरण तर वर्षानुवर्षं चाललं. तीन लाखांची भरपाई ठोठावली गेली, अपिलात ती दीड लाखावर आली. त्या काळातले दीड लाख! आणि हाच माणूस १९९१ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाला. ज्या संसदेत मान खाली घालून उभा राहिला होता, तिच्याच दुसऱ्या सभागृहात तीस वर्षांनी जाऊन बसला. मला ही गोष्ट फार आवडते. का, ते नीट सांगता येत नाही.

आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

१९९७ चा नोव्हेंबर. सकाळी साडेसहाला पोलीस ठाण्यांना फोन, नऊला बातमी हातात, अकराला पान सोडायचं, साडेबाराला मशीन. त्या दिवशी एका टोळीतले चौघे पकडल्याची बातमी मी फोनवर घेतली. नावं, वयं, ‘राहणार’ अमुक गल्ली. चौथ्या माणसाची चाळ आणि खोली नंबर मी मतदार यादीतून काढला, बातमी भरीव व्हावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. यादीत त्या नावाचा एकच माणूस दिसला. त्या गल्लीत त्या नावाचे दोन होते.

पाचच्या सुमारास ती बाई आली. हातात आपला पेपर, चौघडी करून दुमडलेला, त्या बातमीवर अंगठा दाबून धरलेला. शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. नवरा टॅक्सी चालवायचा. आदल्या रात्री घरीच होता, सकाळी गाडीवर गेला होता. दुपारी चाळीत पेपर फिरला आणि मुलगी शाळेतून येताना कुणीतरी तिला ‘तुझ्या बापाला धरला’ म्हणून सांगितलं. बाई रडत नव्हती. एवढंच विचारत होती, ‘हे कुणी लिहिलं?’

मी तिथेच दोन हात अंतरावर उभी होते, भाऊ. पाय हलेनात. तुम्ही खुर्चीवरून उठलात, तिला बसायला दिलंत, मुलीसाठी दूध मागवलंत. मग पेपराचं शेवटचं पान उलटून अगदी तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलंत, जिथे मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. ‘मी लिहिलं, ताई. हे बघा, नाव माझं आहे.’

ती ओळ कायद्याने छापावी लागते, एवढंच मी शिकले होते. ती असते कशासाठी, ते त्या संध्याकाळी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दिलगिरी आतल्या पानावर गेली नाही. पहिल्या पानावर, आदल्या दिवशीच्या जागेवर, तेवढ्याच कॉलमात, त्याच टाइपात गेली. मालकांचा फोन आला तेव्हा मी केबिनबाहेर होते. तुमचा आवाज चढला नाही. ‘चूक ज्या मापाची, खुलासा त्या मापाचा. पटत नसेल तर माझं नाव काढून टाका,’ एवढंच ऐकू आलं. आणि दुपारी दोनला तुम्ही पन्नास अंक काखेत मारून मला बरोबर घेतलंत. नाक्यावरच्या स्टॉलवाल्याला दहा दिलेत, ‘फुकट वाट’ म्हणून. बाकीचे चाळीत, चारही मजल्यांवर, दार वाजवून. प्रत्येक दारात एकच वाक्य. ‘काल आम्ही चुकलो, आज वाचा.’ तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्याने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. तुम्ही हात जोडून उभे होतात. मी अंक घट्ट धरून तुमच्यामागे. चौथ्या मजल्यावर तो टॅक्सीवाला दारातच बसला होता. तो काही बोलला नाही. अंक घेतला, पूर्ण वाचला, घडी करून खिशात ठेवला.

परतताना मला वाटलं, आता राजीनामा मागाल. तुम्ही म्हणालात, ‘उद्या साडेसहाला ये. चौथं नाव सापडलं की पाचवा फोन करायचा. दीड मिनिट लागतं.’ बस. त्यानंतर त्या चुकीचा उल्लेख तुम्ही कधीच केला नाहीत, माझ्यासमोरही नाही आणि माझ्यामागेही नाही. सत्तावीस वर्षं मी या धंद्यात राहिले, दोन ठिकाणी वृत्तसंपादक झाले, आणि किती पोरापोरींच्या चुका माझ्या टेबलावर आल्या. दर वेळी त्या जिन्यातले तुमचे जोडलेले हात दिसले. त्या दिवशी तुम्ही मला बाईसमोर पुढे केलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते. शाळेत नाहीतर बँकेत कुठेतरी लागले असते आणि आयुष्यभर पेपरवाल्यांना शिव्या देत राहिले असते.

१ फेब्रुवारी २००८ ला तुमचा फोन आला होता, आठवतं? ‘करंजिया गेले. ब्लिट्झचा वाढदिवस आहे आज.’ पुढे बराच वेळ तुम्ही गप्प होतात. मीही. तेव्हाच म्हणाला होतात की पेटी तुझी. मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणालात.

काल रात्री सगळे गठ्ठे बाहेर काढले. कडा तपकिरी झाल्यात, १९६१ चे काही अंक हात लावला की तुटतात, त्यांना बटर पेपर घालते आहे. तळाशी, ‘ब्लिट्झ’च्या खाली, आपल्या पेपराचे दोन अंक निघाले. एक माझ्या बातमीचा, एक दुसऱ्या दिवशीचा. दोन्ही एकत्र टाचलेले. टाचणी गंजून कागदाला चिकटली आहे. मी ती काढलेली नाही.

रविवारी येते. १९५९ चा गठ्ठा बरोबर आणते. ऑपरेशननंतर बारीक टाइप दिसत नाही म्हणालात ना, मी वाचून दाखवीन, शेवटच्या पानापासून. वहिनींना सांगा, जेवायला थांबणार आहे.

तुमची,
शिकाऊ बातमीदार